रेडकाचं कातडं

सोमवार, १५ आक्टोबर १९५६

अक्षर वाकडं येतंय, चुका बी होतील, माफी असावी — कुणाची माफी मागायलेय मी, कुणास ठाऊक. चौथीत शाळा सोडली तवापास्नं हातात पेन्सिल न्हाई, कातडं खरवडायची रापीच हाय. एक वळ लिव्हायला लई येळ लागायलाय. पर माणसांम्होरं माझं तोंड उघडत न्हाई. मनून इथं.

आज कमठाण्याहून भागम्मा आली. अमृतप्पाची बायको. कुंपणाबाहेर उभारून अप्पाला हाक मारली. तिच्या म्हशीचं रेडकू मेलं. गाडीत घालून आणलं व्हतं, वर कडब्याची पेंढी टाकून. तिची सून राजूबाई बाळंत झाली, थोड्या दिसांनी ताप येऊन गेली. मागं तान्हं लेकरू हाय. ते ह्याच म्हशीच्या दुधावर. आता रेडकू दिसंना तर म्हैस पान्हा सोडंना. शेळीचं दूध लेकराला उलटतंय.

अप्पा मनला, "केस राखून कातडं काढतो. आत भुसा भरून रेडकू उभं करून देतो. म्हशीम्होरं ठिव. चाटंल आन् सोडंल दूध."

भागम्मा मनली, "लवकर कर काशप्पा. लेकराचं रडणं बारीक व्हायलंय."

औंदा अप्पाचे हात थरथरायलेत. मनून हे काम माझ्याकडं.

मंगळवार, १६

कातडं ओंडक्यावर उलटं टाकलं. आतलं मांस, चरबी, पातळ पापुद्रा — समदं रापीनं खालीखाली सारत काढायचं. रेडकाचं कातडं लई नाजूक. रापी जरा आडवी झाली की भोक. कंबरेला पोतं बांधलं व्हतं, ते समदं भिजलं. हात कोपरापतुर चिकट.

तोंडाकडं सावकाश केलं. पापण्या राखल्या. ओठाच्या आत दूध व्हतं अजून, वाळून चिकटलेलं. ते बी खरवडून काढलं.

दुपारी कातडं ऊन लागलं हाताला. उन्हानं तापलं आसंल. पर ओंडका सावलीत हाय.

बुधवार, १७

चुना लावला न्हाई, केस गळतात. मीठ आन् हळद चोळली. अप्पा बाभळीची साल आणायला खटकचिंचोळीकडं गेलाय. कामाला मी एकटीच. अव्वा मनली, "येवढं मन लावून भाकरी थापली असतीस तर एखादा सासरा बघायला आला असता." मी हसले. तिला दिसलं न्हाई, खाली बघून हसले.

गुरुवार, १८

हिरड्याच्या पाण्यात घातलं. मग रिठ्यानं धुतलं, परत धुतलं. आता नाकाला लावलं तरी काय वास न्हाई. येवढं साफ कातडं मी कदीच केलं न्हवतं.

शुक्रवार, १९

भुसा भरला. पायात बांबूच्या काड्या. पोट शिवलं. उभं केलं.

अव्वा दारातनं आत येईना. मनली, "त्याचं तोंड तिकडं कर की."

शनिवार, २०

लई वाईट झालं.

अप्पासंगं कमठाण्याला गेले. गोठ्याच्या दारात मी थांबले, अप्पानं रेडकू आत ठिवलं. म्हैस म्होरं आली. हुंगली. नाकातनं फुर्र केलं आन् शिंगानं उडवलं. परत ठिवलं, परत उडवलं. कासंला हात लावू देईना.

अप्पानं रेडकाच्या मानंला नाक लावलं. मग मनला, "ह्याला वासच न्हाई. दाने, तू कातडं केलीस. रेडकू न्हाई केलीस."

आमच्या घरात कातडं साफ करायचंच शिकवलेत. ह्याला साफ करायचं नसतं हे मला कुठं ठावं. अप्पाला वाटलं मला ठावं हाय.

आतनं लेकराचा आवाज यायलाता. मांजराच्या पिलावाणी.

रविवार, २१

जेवले न्हाई. लेकरू मेलं तर माझ्या हातानं मेलं.

संध्याकाळी कुत्री कुंपणापाशी भुंकायलीती. तिथं माझं पोतं टांगलेलं. मांस काढताना कंबरेला बांधलेलं, तसंच, न धुतलेलं. अव्वानं वासामुळं बाहेर टाकलं व्हतं.

अप्पाला दाखवलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मनला, "दाभण आण."

सोमवार, २२

पोतं फाडून रेडकाच्या मानंला आन् पोटाखाली शिवलं. कमठाण्याला न्हेऊन म्हशीम्होरं ठिवलं. ती हुंगली. थांबली. परत हुंगली. मग मोठ्यानं हंबरली. चाटायला लागली. पोतं, मान, काचासुद्धा न बसवलेली डोळ्याची भोकं. भागम्मा खाली बसली, भांड्यात धार वाजली.

आत न्हेऊन लेकराला पाजलं. भागम्मा दारात आली आन् मनली, "आईक. गप झालं." 

तिच्या डोळ्याला पाणी. मी मान हालवली.

बुधवार, २४

अमृतप्पा सोता आला. म्हैस चाटून चाटून पोत्याच्या चिंध्या केली. वास गेला. परत दूध बंद. "पोरीला आण काशप्पा. तिच्या हाताला वास असंल."

गेले. आज पैल्यांदा त्यांच्या गोठ्याच्या आत. म्हशीनं रेडकाला सोडलं आन् माझ्याकडं आली. हात हुंगली. कोपर. मग मान. जीभ कानशीसारखी. मी डोळे मिटले. मागं धार वाजायली.

भागम्मा मनली, "रोज ये माय."

मला आजपतुर कुणी रोज ये मनलं न्हवतं.

गुरुवार, २५

गेले. रेडकाच्या जागंवर बसायचं. दूध निघंस्तवर हालायचं न्हाई.

शुक्रवार, २६

अव्वा मनली, "अंगाला वास मारायलाय. रिठ्यानं न्हा, हिरीवर बाया नाक धरायल्यात." अप्पा मनला, "न्हाऊ नको. लेकरू बाळसं धरंस्तवर न्हाऊ नको."

अव्वा त्याला मनली, "लेकरू त्यांचं हाय, पोरगी आपली हाय."

मी न्हाले न्हाई.

रविवार, २८

भुसा भरलेलं रेडकू कोपऱ्यात भिताडाकडं तोंड करून ठिवलेत. आज बघितलं तर तोंड माझ्याकडं. भागम्मा मनली, म्हशीनं ढकललं आसंल.

म्हैस दाव्याला हाय. दावं तिथवर पोचत न्हाई.

सोमवार, २९

वाटंवर उसाच्या फडाजवळ म्हशींचा कळप चाललाता. मी गेले तशा समद्या थांबल्या. मान वळवून बघायल्या. राखणारा पोरगा मनला, "कामून थांबल्यात ह्या? काय खायला आणलीस का?" मी पळाले.

मंगळवार, ३०

म्हैस हंबरली तवा माझ्या गळ्यातनं बी आवाज निघाला. मी काढला न्हाई. भागम्माची धार थांबली. मग परत चालू झाली.

आज दूध लई निघालं. भांडं भरलं.

बुधवार, ३१

लेकराला दाखवलं मला. गालाला लाली आलीय. माझ्याकडं आणलं तसं ते नाक हालवून हुंगायलं, आन् मग तोंड फिरवून रडायलं. भागम्मा मनली, "तसंच करतंय. पोट भरतंय, पर निजत न्हाई. कुणाच्याबी मांडीवर ठिवा, हुंगतंय आन् रडतंय. दिस-रात."

तिच्या डोळ्याखाली काळं पडलंय.

गुरुवार, १ नवंबर

बीदरहून आलेला माणूस मनला, आजपास्नं आपण मैसूर राज्यात. हैदराबाद संपलं. अप्पानं इचारलं, "आन् आमी?" तो मनला, तुमी हाय तिथंच. गोठ्यात गेले.

शनिवार, ३

आज भागम्मा आमच्या कुंपणाच्या आत आली. अव्वानं घोंगडं टाकलं, त्याच्यावर बसली. आमच्या तांब्यातलं पाणी पेली. मग पदराखालनं गाठोडं काढलं. राजूबाईचं लुगडं. गेली तवा अंगावर व्हतं ते, घामाचं, दुधाच्या डागाचं.

मनली, "म्हशीला रेडकू केलीस. माझ्या लेकराला आई करून दे. उजवा हात जरा वाकडा ठिव, त्याच्यात निजायचं ते."

अव्वा उठून घरात गेली. अप्पानं माझ्याम्होरं भुशाचं पोतं सरकवलं.

भागम्मानं गाठोडं माझ्या मांडीवर ठिवलं, वर हात दाबून धरला. "ह्या बारीला धुऊ नको, दाने."