पारनेरवरचा हट्टी ढग

७ एप्रिल, मंगळवार
आजपासून सातवीला उपग्रह! भूगोलाचं पुस्तक बंद. नेटवरचा ताजा फोटो, प्रोजेक्टर आणि समोरची निळी भिंत. पडद्याला निधी नाही म्हणे. नसू दे. पारनेरच्या डोक्यावर ठळक पांढरा ढग. पोरांना ठणकावलं, आता कोणी वर बघायचं नाही, भिंतीकडे बघायचं. सासऱ्यांना फोन केला. त्यांचा सगळा कांदा काढून शेतात पडलाय. म्हटलं, अवकाळी येतोय, झाका. त्यांनी प्लास्टिकच्या कागदानं झाकला. जावई असावा तर असा.

८ एप्रिल
पाऊस नाही. ढग जागेवरच. म्हणजे जोर धरतोय. मुख्याध्यापिका मोनिका मॅडम दारातून म्हणाल्या, सर, बाहेर लख्ख ऊन आहे. उपग्रह अंतराळात, मॅडम दारात. कोणाला जास्त दिसणार?

९ एप्रिल
निकिता (पहिला बाक, भोचक) विचारते, सर, बाकीचे ढग सरकत्यात, आपलाच का न्हाई? सांगितलं, काही ढग हट्टी असतात. सासऱ्यांचा फोन. जावईबापू, कांद्याला वाफ धरलीय, लई वास सुटलाय, कागद काढू का? म्हटलं, खबरदार! सत्यशीला म्हणाली, माझ्या वडलांचं वर्षाचं पीक आहे, नीट बघून सांगत जा. बायको असून विश्वास नाही.

१० एप्रिल
नेट बंद. प्रोजेक्टर बंद. ढग हजर. निकितानं उठून ढगावर नख फिरवलं, चुना खाली पडला. तिथं रंगाचा पोपडा उडालाय. वर्ग खिदळला. मी शांतपणे म्हणालो, शाबास, ही निरीक्षणाची परीक्षा होती.
तासाभरानं नेट आलं. प्रोजेक्टर दुसऱ्या भिंतीकडे वळवला. पारनेर स्वच्छ! कोपरगावच्या अंगाला पांढरं दिसत होतं. निकिता म्हणाली, सर, ह्यो आपल्याकडं सरकतोय. मी काय आता पोपड्याला फसतोय होय? सासऱ्यांना कळवलं, कागद काढा, बिनधास्त वाळवा.

११ एप्रिल
काल संध्याकाळी पाऊस. गारासुद्धा. दोष उपग्रहाचा नाही, माझा तर नाहीच नाही. भिंतीचा आहे. सोमवारी पांढरी चादर लावणार. सत्यशीला चादर देत नाही म्हणते. विकत आणीन! हा उपक्रम पुरस्काराला पाठवणार म्हणजे पाठवणार.
तासाला सासऱ्यांचा फोन. वर्गासमोर स्पीकरवर घेतला, भितो का काय? म्हणाले, निम्मा कांदा हाती लागलाय, वाळत टाकू का? मी भिंतीकडे वळलो. तर म्हणाले, तुमी न्हाई, त्या निकिताला द्या फोन. सत्यशीलाचे उद्योग, ही डायरी चोरून वाचते वाटतं.
निकिता फोन घेऊन बाहेर गेली आणि वर बघू लागली. तिच्यामागं अख्खा वर्ग. फोन माझा होता, म्हणून मलाही जावं लागलं.