चूलबंद आवतण

२ डिसेंबर १९८१, बुधवार

आलो बुवा एकदाचा! नाशिकच्या द्वारका चौकातल्या लॉजवर ट्रकवाल्यांना खाटा वाटून वाटून केस पांढरे झाले. आजपासून मी ‘सी-व्ह्यू’ हॉटेलचा मॅनेजर. नाशकात समुद्र कुठून आला, असं बायकोनं, सिंधूनं, विचारलं होतं. इथल्या व्हरांड्यात उभं राहिलं की कळतं. धरणाचं पाणी समोरच्या डोंगरापर्यंत पसरलंय आणि वारा सुटला की लाटा चक्क पायऱ्यांवर आपटतात. हॉटेल इंग्रजांच्या वेळचं. एका पारशी शेठनं छातीच्या दुखण्याच्या साहेबलोकांसाठी टेकडीवर बांधलं, तेव्हा खाली नदी, मळे आणि एक गाव होतं. धरण झालं, गाव बुडालं आणि पाणी हॉटेलच्या दारात आलं. आता मालक विंचूरचे कांद्याचे व्यापारी भिमाजीशेठ. हे समुद्राचं नाव त्यांचंच.

फाटकासमोरून एक जुना खडीचा रस्ता उतरतो आणि सरळ पाण्यात शिरतो. बघायला गंमत वाटते. नोकर दोनच, स्वयंपाकी कोंडाजी आणि खोल्या झाडणारी सुलाबाई. दोघं वरच्या वस्तीतले, म्हणजे मूळ त्या बुडालेल्या गावचे. जेवणवेळेला पाण्याच्या मधोमध ठिकठिकाणी धुरासारख्या बारीक रेघा उठल्या. थंडीतली वाफ असणार. फार सुरेख दिसलं. मागची मॅनेजरची खोली दुरुस्त झाली की सिंधूला आणि बेबीला आणायचं. बेबी हे पाणी बघून नाचेल.

६ डिसेंबर

डोकं उठलं नुसतं. मुंबईचं एक कुटुंब आठवड्यासाठी आलं होतं, ते आज चहासुद्धा न घेता गेलं. कारण काय, तर बाईंना टॅक्सीवाल्यानं सांगितलं की वरच्या मजल्यावर गोरी मडम फिरते. त्याआधीचं गिऱ्हाईक म्हणत होतं, मडम नाही, पारशी शेठ, आणि तो पियानो वाजवतो. इथं पियानोच नाही! दूधवाल्याचा वेगळाच बिनमुंडक्याचा घोडेस्वार. एवढ्या भुतांना खोल्या तरी पुरतील का?

आम्ही बौद्ध. वडील म्हणायचे, गाव सोडताना देव आणि भुतं दोन्ही वेशीवर ठेवून आलोय, पुन्हा उचलायची नाहीत. मी उचलणार नाही. पण लोकांच्या तोंडाला झाकण कसं लावू?

कोंडाजीला विचारलं तर म्हणाला, मडम-बिडम सगळं झूट. मला बरं वाटलं. मग भाकरी उलटता उलटता म्हणाला, धूर तेवढा खरा. जुनं गाव उठलं तेव्हा काही म्हाताऱ्या माणसांनी चुली विझवायला साफ नकार दिला, घरातच बसून राहिली. त्यांचा सैपाक अजून चालू हाय, साहेब. मी म्हणालो, वाफ आहे ती. तर म्हणे, वाफ सकाळी असती, भर दुपारी येती व्हय? मला जास्तच राग आला.

११ डिसेंबर

भिमाजीशेठ जीप घेऊन आले आणि सगळ्या खोल्या उघडून बघून गेले. रिकाम्या का, असं मलाच विचारतात, जशी काही ती मडम मीच बरोबर आणली. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! त्यांनी तोडगाही काढलाय. आसपासच्या गावांना जेवण घालायचं. आपल्याकडे पोटभर जेवलेला माणूस आपल्याच हॉटेलची निंदा करत हिंडत नाही, असं त्यांचं म्हणणं. रविवारी, २० तारखेला पंगत. नीट पार पडली तर मागची खोली दुरुस्त करून देतील, बायको-पोरीला आणा म्हणाले. नाहीतर हॉटेलला कुलूप.

सिंधू पावसाळ्यापासून विंचूरला भावाकडे आहे. भावजय बेबीच्या देखत तिच्या ताटातल्या भाकरी मोजते. मागच्या पत्रात सिंधूनं शेवटी एवढंच लिहिलं होतं, कधी नेता? ही पंगत झालीच पाहिजे.

१५ डिसेंबर

आवतणं देऊन पायांचे तुकडे पडले. कुठं सरपंच घरी नाही, कुठं कुत्रं अंगावर, एका गावात तर मलाच विचारलं की मडम जेवायला बसणार का. परत आलो तर कोंडाजी म्हणतो, एक आवतण राहिलं. जुन्या गावचा मारुती पाण्याखाली आहे. वस्तीवर कुठलंही कार्य निघालं की खडीचा रस्ता पाण्यात शिरतो तिथं उभं राहून अक्षता सोडायच्या आणि म्हणायचं, देवा, तू ये. पण देवाचंच नाव घ्यायचं. गावाला या म्हणायचं नाही. का, म्हणून विचारलं. तर म्हणे, त्यांना बोलवत नसत्यात, साहेब.

हे मला झोंबलं. त्यांना बोलवत नसतात! आमच्या गावात लग्न निघालं की घरोघर चूलबंद आवतण जायचं. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी चूलच पेटवायची नाही. आमच्या आळीला ते कधी आलं नाही. शेवटची पंगत उठली की वडील पातेलं घेऊन मागच्या दारी बसायचे आणि मी त्यांच्या शेजारी. आणि आता मी मॅनेजर होऊन कुणाला तरी वगळून जेवण घालू? भुतं मी मानत नाही, पण नसलेल्या माणसालासुद्धा मी पंगतीतून वगळणार नाही.

तसाच तणतणत रस्त्याच्या टोकाला गेलो. मूठभर अक्षता पाण्यावर फेकल्या आणि ओरडून सांगितलं, जुन्या गावातल्या सगळ्या घरांना रविवारचं चूलबंद आवतण आहे, कुणी मागं राहू नका! मागं बघितलं तर सुलाबाईनं तोंडाला पदर लावलेला आणि कोंडाजी मटकन खाली बसलेला. मला हसू आलं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला लिहू.

२० डिसेंबर, रविवार

आज पाण्यावर वाफ नव्हती. सकाळी नाही, दुपारीही नाही. मी आल्यापासून पहिल्यांदाच पाणी असं स्वच्छ. कोंडाजीला मुद्दाम हाक मारून दाखवलं. त्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, चुली बंद ठेवल्यात त्यांनी. पंगतीच्या दिवशी असलं बोलणं! मी त्याच्यावर एवढा खेकसलो की पंगतीसाठी आणलेले आचारी वळून बघायला लागले.

वरच्या वस्तीतलं एकही माणूस आलं नाही. बाकीच्या गावांतले थोडेफार आले आणि व्हरांड्याला लागून बसले. पाण्याकडच्या पंगती मांडल्या तशाच रिकाम्या. शेठ यायची वेळ झाली होती आणि माझं तोंड काळं ठिक्कर पडलं होतं. मग आमटीची बादली भरून घेऊन बाहेर येतो तर काय, पाण्याकडच्या पंगती भरलेल्या! इतका आनंद झाला की धावतच गेलो. वाढणाऱ्याला पत्रावळ दिसते आणि हात दिसतात, तोंडं बघायला सवड कुणाला असते? भात वाढला, आमटी वाढली, लापशी वाढली. कुणी बोलत नव्हतं. कुणी पुरे म्हणत नव्हतं. हात सगळे पांढरे, सुरकुतलेले, दिवसभर धुणं धुतल्यावर बायकांचे होतात तसे. पंगतीच्या टोकाला एका म्हातारीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. बर्फासारखा गार. म्हणाली, लय दिसांनी कुणी बोलावलं, बाबा.

मी मान वर केली नाही. का केली नाही, ते आत्ता लिहिताना कळतंय.

शेठ खूश होऊन गेले. भांडी पुसल्यासारखी रिकामी. पाण्याकडच्या पत्रावळी ओल्याचिंब होत्या आणि त्यांना शेवाळ लागलेलं होतं. सुलाबाई हात लावेना, म्हणून मीच उचलल्या.

२१ डिसेंबर

धूर परत आला. नेहमीपेक्षा दाट. वाफ म्हणून लिहायला घेतलं होतं, हातानं धूर लिहिलं, राहू दे.

शेठची माणसं येऊन खोलीला चुना लावून गेली. गुरुवारी विंचूरहून त्यांची जीप येणार, तीत सिंधू आणि बेबी. ज्याच्यासाठी एवढी मरमर केली ते झालं, आणि मला धड आनंदसुद्धा होऊ नये? नुसती चिडचिड होतेय. हात कितीदा धुतले तरी शेवाळाचा वास जात नाही.

२२ डिसेंबर

नव्या खोलीच्या उंबऱ्यावर अक्षता. ओल्या, गाळाचा वास मारणाऱ्या. तीन ढिगल्या, एक मोठी, एक मधली, एक अगदी चिमूटभर.

सुलाबाईला बोलावून झापलं, हा चावटपणा कुणाचा? ती रडायला लागली. म्हणाली, आवतण आलंय. जो जेवून जातो तो जेवू घालतोच, रीतच हाय. मी म्हणालो, इथं मी एकटा आहे, मग तीन कशाला? तर म्हणे, तुम्ही चूलबंद दिलं व्हतं ना, तसंच परत आलंय. सगळ्या घराला. घर भरलं की बोलवायला येतील.

जाताना तिनं एवढंच सांगितलं, ज्या घरात चूल पेटली त्या घराला जावं लागत नाही. चूल पेटती ठेवा, साहेब.

थोतांड आहे. तरी स्टो आणला, नव्या वाती घातल्या, रॉकेल भरलं. काडी लावताच पेटला. छान निळी ज्योत. उगाच घाबरलो.

२३ डिसेंबर, सकाळ

अक्षता काल झाडून पाण्यात टाकल्या होत्या. आज पुन्हा तिथंच, तशाच तीन.

कोंडाजी आला नाही, सुलाबाईही नाही. वस्तीवर गेलो तर लोकांनी माझ्या तोंडावर दारं लावली. एकानं आतूनच सांगितलं की आमच्यात येऊ नका, तुम्हाला आवतण आहे.

विंचूरला शेठच्या आडतीत ट्रंककॉल लावला. किती वेळ नुसती खरखर. सिंधूला पाठवू नका म्हणून ओरडलो. शेठ हसायला लागले. म्हणाले, ती कधीची बोचकं बांधून बसली होती, गुरुवारपर्यंत कशाला थांबायचं, जीप आज इकडे यायचीच होती, सकाळीच बसवून दिलं. तुम्हाला खूश करायला —

खूश!

दुपार

आल्या. बेबी पाणी बघून नाचली. मी म्हणालो होतो ना, नाचेल. जीप त्यांना उतरवून लगेच परत गेली, मी धावलो तोवर धूळ.

सिंधूला म्हटलं, आत्ताच्या आत्ता पायी रस्त्याला लागू. तिनं माझ्याकडे असं बघितलं — म्हणाली, परत? वहिनीच्या दारात? मेले तरी नाही जायची. एवढ्या दिवसांनी आले आणि हे स्वागत?

काय सांगू तिला? कुठून सुरू करू?

आधी स्टो पेटव म्हटलं. आधी स्टो.

स्टो पेटत नाही.

काडी पेटते. वातीजवळ नेली की विझते. काल पेटला होता. मी स्वतः पेटवला होता. रॉकेल भरलेलं आहे — वाती कोरड्या —

हॉटेलची चूल पण नाही. कागद, सरपण, तूप ओतलं, नाही. सिंधू आधी चिडली, मग हसली, आता स्वतःच काड्या ओढतेय. बेबीला भूक लागलीय.

बाहेर धूर एवढा की डोंगर दिसत नाही. भाकरीचा वास येतोय. ताज्या, पापुद्रा सुटलेल्या भाकरीचा.

बेबी म्हणाली, फाटकाशी एक आजी आहे. ओली आजी. चला म्हणते.

दार लावून घेतलं. दोघींना आत बसवलं. काड्या संपत आल्यात —

बेबी नाही. मागचं दार उघडं. सिंधू तिला बघायला गेली, दोन मिनिटांत येते म्हणाली. मी स्टोपाशी — एकदा पेटला की झालं — एकदाच —

अजून आल्या नाहीत. हाकही ऐकू येत नाही.

शेवटची काडी. वात लाल झाली — झाली — गेली.

दारात कुणीतरी आहे. म्हातारीचा आवाज. मला यादवराव म्हणते. राव! मला आजवर कुणी — म्हणते, पानं वाढलीत, मंडळी बसलीत, तुमच्यासाठी खोळंबलोय. म्हणते, पहिल्या पंगतीला बसायचं, मागच्या दारी नाही —

मागच्या दाराचं हिला कुणी —

खाली बेबी हसतेय. मी जातो. पोरीला उचलतो आणि सिंधूला घेऊन लगेच पर