कॉफीपॉटची वाट मला तोंडपाठ आहे

१४ मे
ठरलं. कॉफीपॉटच्या जंगलवाटेवर जीप मी स्वतः चालवणार.
सकाळी ड्वेन येऊन गेला. जीप क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून तो माझ्या दारातही भाषणाला उभा राहिल्यासारखा उभा राहतो. म्हणाला, आगीनंतर जंगल खात्यानं वाटा उघडल्यात. ज्यानं जी वाट दत्तक घेतलीय त्यानं तिच्यावरून टोकापर्यंत गाडी न्यायची आणि कुठे काय पडलंय ते जूनच्या सभेत सांगायचं. नाहीतर ती दुसऱ्याला द्यावी लागेल, अगं वर्ना, माझा नाइलाज आहे.
दुसरा म्हणजे कर्ट. शहरातून येऊन धड दोन हिवाळेही काढले नाहीत त्यानं. नारिंगी जीप. टपावर एवढे दिवे की रात्री निघाला तर कोंबडे आरवतील.
ऑरिननं आणि मी ती वाट लग्नानंतर लगेच दत्तक घेतली. आम्हाला मूल झालं नाही, वाट होती. पडलेली झाडं कापायची, पाण्याचे चर मोकळे करायचे, पाटी रंगवायची. पाटीवर दोघांची नावं होती. ऑरिन गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आग आली आणि पाटीही गेली. तिथे कर्टचं नाव लागू देणार नाही.
आणि अवघड काय आहे? स्टिअरिंग ऑरिनच्या हातात असायचं, पण गाडी मीच चालवायचे. डावीकडे घे, दगड बघ, हळू, अरे हळू! मी नसते तर तो अजून पहिल्याच ओढ्यात बसलेला असता. डोळे बांधून जाईन मी त्या वाटेनं.

१६ मे
जीप सुरू झाली नाही. बॅटरी. एका अर्थी बरंच झालं, अभ्यासाला वेळ मिळाला. शाळा आठवीत सुटली, पण गावच्या वाचनालयातलं एकही कपाट माझ्या हातून सुटलेलं नाही. खडकाळ वाटांवर गाडी चालवण्याचं पुस्तक आणलं. तिसरं प्रकरण जुन्या जीपांबद्दल. सोडलं. आमची जीप जुनी नाही, लग्नानंतर घेतलेली आहे. सातवं, अडकलेली गाडी बाहेर काढण्याबद्दल. तेही सोडलं. ते अडकणाऱ्यांसाठी आहे.

१९ मे
नवी बॅटरी. चर्चच्या आवारात सराव. उत्कृष्ट. कचऱ्याचं पिंप त्यांनी भलत्याच जागी ठेवलं होतं. आता ते आडवं आहे.
नणंद, आयोन, पायऱ्यांवर बसून बघत होती. म्हणाली, अगं, गिअर बदलतेयस की मका दळतेयस? लक्ष दिलं नाही. आयोननं जन्मभर शाळेची बस चालवली, म्हणजे फक्त डांबरी रस्ता.

२३ मे
आज निघणारच होते. पण ढग आले. पाऊस पडला तर जळक्या डोंगरावरून राखेचा चिखल खाली येतो, असं पुस्तकात आहे. पाऊस पडला नाही. पण पडला असता तर?

२५ मे
कडक ऊन. इंजिनाला वाईट.
आयोनचा फोन. म्हणाली, घाबरलीस तू. मी म्हटलं, गाडीला कशाला घाबरू? ती म्हणाली, मी गाडीचं म्हणतच नाहीये. फोन ठेवला. तिला नेहमीच कोड्यात बोलायची सवय.

२७ मे
निघाले. जंगलाच्या फाटकापर्यंत उत्तम पोचले. आतलं थोडं दिसलं. सँडविचं घरी राहिली होती, म्हणून परत फिरले. उपाशीपोटी पाहणी करणं बेजबाबदारपणाचं.

३० मे
पाहणी पार पडली. एकंदरीत यशस्वी.
आयोन हट्टानं शेजारी बसली. फाटकापाशी मी चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, अगदी पुस्तकातल्यासारखा. पहिली चढण सुरेख. दुसरीवर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि राख अशी उडाली की आम्ही दोघी पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसायला लागलो. आयोन म्हणाली, पुढची चाकं नक्की फिरतायत ना गं? मी म्हटलं, दांडा ओढलाय, न फिरून जातील कुठे?
पुढे वाटेवर एक झाड आडवं. वाट सोडून गाडी घालायची नाही, हा क्लबचा पहिला नियम. पण झाडानं तरी कुठला नियम पाळला होता? वळसा घेतला. जमीन टेबलासारखी सपाट होती. आणि उजवं पुढचं चाक तिच्यात गेलं. गडप.
आगीत झाडाची मुळंही जमिनीखाली धुमसून जातात. खाली भोक राहतं आणि वर राखेचं झाकण. हे सातव्या प्रकरणात असावं.
थोड्या वेळानं योगायोगानं कर्ट आला. म्हणजे आयोननं कड्यावर चढून त्याला फोन केला होता. तो पोटावर झोपून चाकाखाली बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, मॅडम, हब लावायचे राहिले का? जुन्या जीपच्या पुढच्या चाकांवर मधोमध एक खटका असतो म्हणे. खाली उतरून दोन्हीकडचा हातानं फिरवायचा. तो न फिरवता दांडा कितीही ओढा, पुढची चाकं नुसती सोबतीला येतात.
तिसरं प्रकरण.
आयोनला हसताना ओंडक्यावर बसावं लागलं. म्हणाली, म्हणजे दोन चाकांवर आणलंस मला इथपर्यंत! तरीच मी सारखी देवाचं नाव घेत होते.
ऑरिन दर खेपेला फाटकापाशी उतरायचा. आधी या चाकाशी वाकायचा, मग पुढून जाऊन त्या चाकाशी. मला वाटायचं, पाय मोकळे करतोय. मी तेवढ्यात कॉफी ओतून घ्यायचे आणि खिडकीतून ओरडायचे, आटप लवकर, तुझ्यामुळे उशीर होतो नेहमी. तो हात पुसून स्टिअरिंगवर बसायचा.
कर्टनं आपल्या गाडीच्या विंचनं, म्हणजे तारेच्या रहाटानं, जीप ओढून काढली. तिला विश्रांतीची गरज होती, म्हणून पुढे मी त्याच्या गाडीतून गेले. आमची जीप आयोननं खाली आणली. ठीक आणली. डांबरी अनुभवही कधीकधी उपयोगी पडतो.

३१ मे
काल एक लिहायचं राहिलं.
निघताना कर्टला बजावलं होतं, तू फक्त स्टिअरिंग धर, वाट मी सांगते. त्यानं मान डोलावली. आणि मी काहीच सांगितलं नाही. मोठ्या सीडरच्या झाडापाशी डावीकडे, हे मला पाठ होतं. सीडर कुठे होता? जुळे पाइन दिसले की हळू. जुळे कुठले, सगळेच काळे खांब. कर्ट विचारायचा, आता कुठे घेऊ? मी म्हणायचे, तुला काय वाटतं ते बघ, शिकायला हवं ना तुला.
एके ठिकाणी त्यानं इंजिन बंद केलं. समोर नुसतं आभाळ, आणि खाली लांबवर तळं चमकत होतं. मी म्हटलं, थांबलास का? टोक अजून किती लांब आहे? तो म्हणाला, मॅडम, वाट इथेच संपते. आपण पोचलो.
टोकाला गर्द सावली असायची. तिथे बसून आम्ही सँडविचं खायचो. ऑरिन दर वेळी म्हणायचा, नकाशात तळं आहे, झाडं नसती तर इथून दिसलं असतं. मी म्हणायचे, शक्यच नाही, तू खा.
दिसतं. चांगलं मोठं दिसतं.
डोळ्यांत राख गेली. वारा नव्हता. कर्ट उतरला आणि बराच वेळ स्वतःच्या गाडीचे टायर तपासत राहिला. नवे कोरे टायर आहेत त्याचे.

६ जून
सभा. मी सविस्तर सांगितलं. झाडं कुठे पडलीत, चर कुठे बुजलेत, भोकं कुठे आहेत. एका भोकाबद्दल विशेष सविस्तर. ड्वेन म्हणाला, फार छान, वर्ना. पण टोकापर्यंत गाडी तूच चालवलीस ना? मी म्हटलं, साधारणपणे. मागे आयोनला खोकला आला.
मग ड्वेननं विचारलं, वाट कर्टला द्यायची तर अनुमोदन कुणाचं? जुन्या सभासदाचाच हात लागतो. कुणी हात वर करेना. सगळे आधी माझ्याकडे बघत होते, मग छताकडे. कर्ट टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता, निघायच्या बेतात.
खोलीत फार उकडत होतं. कुणीतरी खिडकी उघडा, असं सांगायला मी हात वर केला. ड्वेननं तो मोजला. भर सभेत अध्यक्षाची चूक कशी दाखवायची?
खिडकी शेवटपर्यंत कुणी उघडली नाही.