तापलेल्या गाडीचं रीडिंग

मी, शिवदास भिकाजी परब, वय एकसष्ट, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार भटवाडी, घाटकोपर पश्चिम, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आधी दहा मिनिटं स्वस्थ बसवलं आणि मगच रक्तदाब मोजला. ही पद्धत मला पसंत पडली.

१. सन १९७६ मध्ये केलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं आणि त्यात माझा धाकटा भाऊ लवू याला काहीही ठेवलं नव्हतं.

२. भटवाडीच्या दोन खोल्या आणि पोस्टातली शिल्लक पत्नी सुगंधा हिला. तिने चाळीस वर्षं माझे ग्रीसचे कपडे धुतले, त्यापुढे हे काहीच नाही.

३. माझी फियाट मुलगी अनुपमा हिला. जावईबापूंनी गाडीत जरूर बसावं, बॉनेट मात्र उघडू नये.

४. आमचे गिऱ्हाईक श्यामसुंदर वैद्य यांना काही नाही. त्यांची मुलगी क्षमा हिच्या लग्नाच्या दिवशी माझ्या गॅरेजने कशी फजिती केली, हे ते अजून लोकांना सांगतात. त्यांचं म्हणणं खरं असल्यामुळे तपशील नोंदवतो.

आमच्या गॅरेजचा नियम असा की इंजिन चालू करायचं, चहा मागवायचा, तो पिऊन संपला की मगच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावायचा. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, तेव्हा स्क्रू जुळवला तर गाडी पुढे काळा धूर ओकते. हा नियम माझा, आणि मला त्याचा फार गर्व होता. १९७६ च्या मे महिन्यात, लग्नाच्या आदल्या दिवशी, वैद्यांची गाडी ठाण्याहून उन्हात आली आणि बंद करून अर्धा तास दारात उभी राहिली. ती तापलेलीच आहे, मग चहाची गरज काय, असं म्हणून मी स्क्रूड्रायव्हर उचलला. लवू म्हणाला, "दादा, मशीन लय तापला हा. जरा निवांदे." गाडी निवेपर्यंत थांबायचं सोडून मी म्हणालो, "तू मला शिकवू नकोस."

त्याचं बरोबर होतं. इतक्या तापलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आपोआप उकळून आत जातं, म्हणून पेट्रोल आणि हवेचं मिश्रण खोटंच दाट दिसतं. मी ते पातळ केलं. दुसऱ्या दिवशी इंजिन बेताचंच तापलेलं होतं आणि पेट्रोल कमी पडून गाडी मुलुंडपर्यंत पाच वेळा बंद पडली. नवरी शालू सावरत रस्त्यात उभी, आणि वऱ्हाडी ढकलतायत. वैद्य गॅरेजवर येऊन ओरडले तेव्हा मी चारचौघांत लवूकडे बोट दाखवलं, "यानेच मागाहून स्क्रू फिरवला." लवूने पाने पुसून पेटीत ठेवले आणि तो निघून गेला. तेव्हापासून तो गोवंडीला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये राबतो.

जुळवलेल्या स्क्रूवर सुगंधाच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची माझी सवय आहे. कोणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो. वैद्य गेल्यावर मी बॉनेट उघडलं. ठिपका अखंड होता. मी तो नखाने खरवडून टाकला आणि अकरा वर्षं कोणाला सांगितलं नाही. मला लाज वाटते.

५. गॅरेज, सगळी हत्यारं, धूर मोजायचं सेकंडहँड मीटर आणि नेलपॉलिशची बाटली लवूला. मीटर चांगलं आहे, पण तापलेल्या गाडीवर तेही माझ्यासारखंच छातीठोकपणे चुकतं.

६. माझ्या तेराव्याला कलम ४ गॅरेजच्या दारात सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावं. अपमान चारचौघांत झाला, माफीही तशीच व्हावी.

हे वाचून सुगंधा म्हणाली, "म्हणजे शिव्या जिवंतपणी आणि माफी मेल्यावर? आणि भावोजी तेराव्याला आलेच नाहीत, तर मी काय वैद्यांना वाचून दाखवू?" तिचं म्हणणं नोंदवलं आहे. कलम तूर्त तसंच ठेवलं आहे.

ठिकाण: घाटकोपर. रविवार, १८ ऑक्टोबर १९८७, सकाळ.

सही: शि. भि. परब

आमच्यादेखत सही झाली:
१. मार्तंड साळसकर, टॅक्सीवाले, शेजारी
२. नंदकुमार ओक, निवृत्त पोस्टमास्तर

त्याच दिवशी दुपारी केलेली दुरुस्ती: कलम ६ रद्द. दोन्ही साक्षीदारांना घेऊन मार्तंडच्या टॅक्सीने गोवंडीला गेलो आणि लवू राबतो त्या गॅरेजच्या दारात, तिथल्या सगळ्या कामगारांसमोर, कलम ४ मीच वाचलं. नेलपॉलिशच्या ठिपक्यापर्यंत पोचलो आणि पुढे वाचवेना. लवूने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि गरम चहाचा पेला पुढे केला.

"दादा, पुरे आता. चाय निवतली."

शि. भि. प. / मा. सा. / नं. ओ.