शीबाचा चहा

अझरू, १२ जानेवारी १९७४

ती. बाबांच्या हातांचे चुंबन, वि. वि.

बर्फाने इथला पुदिना जळाला, म्हणून सासूबाई चहात शीबाची कडू पानं घालतात. मला तिसरा महिना आहे, हे तुमचा जावई मोहा सोडला तर कुणालाच ठाऊक नाही. गेल्या खेपेला गावभर सांगितलं आणि पोर गेलं. या वेळी दृष्टीच्या भीतीने ओठ शिवून घेतलेत. पण सासूने दिलेला पेला सुनेने नाकारायचा कसा? चहा रोज जास्तच कडू लागतोय. काल पोटात कळ आली. तुम्ही अत्तार, जडीबुटी जाणता; पिऊ की नको, एवढं कळवा.

लोभ असू द्या.
तुमची भेदरलेली बत्तूल

फेस, १५ जानेवारी

चि. बत्तूलस अनेक दुवा.

एक घोटही नको! शीबाला पुदिन्याचा भाऊ समजू नकोस. तो गर्भाशय आवळतो. मी शाळेची पायरी चढलो नाही, पण जडीबुटीत मला शिकवील असा माणूस या बाजारात नाही. तोच मी सांगतो, शेजारणींचे मेथी-दालचिनीचे काढेही नकोत. झाडपाल्याने काय होतंय गं, असं म्हणतील. ऐकू नकोस. आजच दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठ आणि सासूला, इत्तोबाईंना, खरं सांग. दृष्टीचं मागाहून पाहू.

अक्षराला हसू नकोस.
तुझा बाबा

अझरू, १७ जानेवारी

ती. बाबांना सलाम, वि. वि.

सांगितलं. सासूबाई आधी कडाडल्या, की घरची बातमी फेसच्या अत्ताराला आधी आणि मला शेवटी होय! मग रडत सांगू लागल्या. दोरीवर माझी फडकी दिसेनात, तेव्हा थंडीने पोरीची पाळी अडली असं त्यांनी धरलं होतं. ती मोकळी व्हावी म्हणून माझ्याच पेल्यात वेगळा शीबा कोंबत होत्या. मायेने, बाबा! किटली त्यांनी बर्फात उपडी केली. तेव्हापासून अन्नाला शिवल्या नाहीत.

सकाळी रक्ताचा डाग दिसला. नर्सबाई म्हणाल्या, पडून राहा, आज काहीच सांगता येत नाही.

बत्तूल

फेस, १८ जानेवारी

चि. बत्तूल,

रक्त वाढलं तर माझी वाट पाहू नका. मोहाने मिळेल त्या गाडीने मोठं हॉस्पिटल गाठावं. इत्तोबाईंना म्हणावं, दोन घास खा, पोरीजवळ बसायला धडधाकट बाई हवी.

उद्या पहिल्या बसने निघतो. घाट बंद असला तर चालत येईन. जन्मभर ज्याला त्याला पुडी बांधून दिली. तुझ्यासाठी सगळे डबे उघडून पाहिले आणि पुन्हा लावून टाकले. रिकाम्या हातांनी येतोय.

धीर सोडू नकोस, पोरी.
बाबा