दोघांना सारखं पाणी

लिंबायत, सुरत
रविवार, ५ एप्रिल १९९८

भागीरथीस नमस्कार.

आजवर तुला पत्र लिहिताना मी वर 'आशीर्वाद' लिहीत आलो. या वेळी नमस्कार लिहितो आहे. का, ते पुढे कळेल.

मी बरा आहे. नळ सकाळी तासभर येतो. पाठ दुखते, पण ते नेहमीचंच. गणपत गावी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पिशवी देतो आहे. पिशवी उलटी धरू नको म्हणून त्याला तीनदा बजावलं, तर म्हणतो, "सखारामभाऊ, अंडी आहेत का बॉम्ब?"

कविता बेटा, हे पत्र आत्याला तूच वाचून दाखवणार. आत्या एकटी असेल तेव्हा वाच. आणि मध्ये थांबू नकोस.

भागीरथी, तुझं कार्ड मिळालं. 'आखाजी झाली की येते. झाडं कशी आहेत?' तू गावी गेल्यापासून चौदा महिन्यांनी आलेल्या कार्डात माझी चौकशी नाही, झाडांची आहे. बरोबर आहे. झाडांचंच सांगतो.

अडुळसा दाराच्या चौकटीला लागला आहे. तेलाचा डबा त्याला आता पुरत नाही, एका बाजूने पत्रा फुगून फाटलाय आणि तिथून मुळं बाहेर आलीत. फेब्रुवारीत पांढरी फुलं आली होती. दुपारी सावली असते तिथेच तो आहे, तू ठेवलास तिथे. गल्लीतल्या बकऱ्या येतात, हुंगतात आणि निघून जातात. पानं एवढी झालीत की सरलाबाई आठवड्याला ओंजळभर नेतात, त्यांच्या नातवाला खोकला आहे. पान तव्यावर गरम करायचं, कुटून रस काढायचा, मधात द्यायचा, हे मीच त्यांना सांगितलं. तुझ्याकडून बघितलं होतं. वीस वर्षं तू हेमराजला तो रस पाजलास आणि वीस वर्षं तो नाक दाबून प्यायला.

आता आपल्या घरात खोकणारं कोणी नाही आणि अडुळसा छपरापर्यंत चाललाय.

कोरफड गेली.

हे तुला कार्डावर लिहिता आलं असतं. चार वेळा कार्ड घेऊन बसलो आणि चार वेळा फाडलं.

ती कशी गेली ते ऐक. तू अडुळशाला रोज पाणी घालायचीस आणि कोरफडीला आठवड्याने, तेही तांब्याच्या बुडाशी उरलेलं. मला तो अन्याय वाटायचा. हसू नकोस, खरंच वाटायचा. एका दारात दोन डबे, एकाला भरभरून आणि दुसऱ्याला उष्टं? तू गेल्यावर मी पहिल्याच दिवशी ठरवलं, दोघांना सारखं पाणी. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या, ना कमी ना जास्त. आणि कोरफड उन्हात एकटी पडते म्हणून तिला उचलून अडुळशाशेजारी सावलीत आणली.

महिनाभर तर ती अशी टरारली की मी गणपतला बोलावून दाखवली. म्हटलं, बघ, हक्काचं मिळालं की कशी उभी राहते! मग पानं फिकी पडली. मी म्हटलं, पाणी कमी पडत असेल. सरलाबाईंनी दारातूनच टोकलं, "काहून हो भाऊ, कोरफडीले बुडवून मारता का? का तिलेही भाषण ऐकवता?" मी त्यांना समतेवर दहा मिनिटं बोललो. चौथ्या दिवशी ती बुडातून आडवी झाली. हात लावला तर आत नुसता लगदा, आणि वास.

मग मी वाचनालयातून बागकामाचं पुस्तक आणलं. तुला ठाऊक आहे, मी आधी चुकतो आणि मग वाचतो. त्यात दोन पानं होती. रेताड माती हवी, ऊन हवं, माती पुरती सुकल्याशिवाय पाणी नको. कोरफड पानात पाणी साठवून ठेवते, वरून ओतलेलं तिच्या मुळाला सोसत नाही. दोन पानांत जे लिहिलं होतं ते तू एका वाक्यात सांगून गेली होतीस. गाडीत बसताना, खिडकीतून. "कोरफडले पानी कमी टाका, हेमराजना बाप. ती सडी जाई."

मी ऐकलं होतं, भागीरथी. ऐकून सोडून दिलं होतं. तेच सांगायचं आहे. झाडाचं नाही.

तुला आठवत असेल, हेमराज मिलच्या कलर खात्यात, खातं सांभाळणाऱ्या मास्तरच्या हाताखाली, लागून वर्ष झालं होतं. रंगाच्या वाफेत त्याची छाती भरून यायची. तू माझ्या मागे लागलीस, "मास्तरले एकदा विचारा, पोरले फोल्डिंगमा टाका म्हना. तठे नुसत्या घड्या घालाना से." मी म्हणालो, विचारतो. आणि दोन दिवसांनी तुला येऊन सांगितलं की मास्तर नाही म्हणाला.

मास्तर नाही म्हणाला नव्हता.

मी विचारलंच नव्हतं. त्यानेच मला बोलावलं. त्याला पोराचा खोकला ऐकू येत होता. म्हणाला, "सखारामभाई, छोकराने सोमवारथी फोल्डिंगमां मूकी दईए." मी विचारलं, पोराला तिकडे टाकायच्या बदल्यात काय? तो म्हणाला, "कंई नहीं." त्याने कुठलीही अट घातली नव्हती. ती मीच ऐकली. दुसऱ्या दिवशी गेटवर आपल्या युनियनची सभा होती, पंख्यासाठी आणि तोंडाच्या फडक्यांसाठी. मला वाटलं, हा माझं तोंड बंद करायला आलाय.

आणि मी गेटवर काय बोललो ते ऐक. मला शब्दन् शब्द पाठ आहे. "काल मला माझ्या पोराचा भाव सांगितला गेला! या खात्यात चाळीस पोरं खोकतात. हलवायची तर चाळीस हलवा! नाहीतर एकेचाळिसावा माझा, तो त्यांच्याबरोबर त्याच वाफेत उभा राहील! सखारामच्या घरात वेगळा न्याय नाही!"

असल्या टाळ्या मला आयुष्यात पडल्या नव्हत्या. सायकल स्टँडच्या कठड्याला टेकून हेमराज उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता. मध्ये खोकला आला, तोंडावर हात धरला, आणि ओसरल्यावर पुन्हा वाजवू लागला.

त्या संध्याकाळी मी तुला खोटं सांगितलं, तेव्हा तो समोर जेवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. त्याने ताट पुढे केलं आणि तुला म्हणाला, "माय, आखो एक भाकर दे." त्याला भूक नव्हती. ती भाकर त्याने तशीच ठेवली होती, तूच नंतर ओरडलीस त्याला.

पुढे दीड वर्ष तो जगला. एकदाही तुझ्यापाशी बोलला नाही. मी त्याला सांगितलं नव्हतं गप्प राहायला. त्याने माझी लाज आपणहून झाकली, आणि मी झाकू दिली.

त्याच्या दहाव्याला मास्तर आला होता. पायऱ्या चढून दारात उभा राहिला, चपला काढून. तू त्याला आत ये म्हटलं नाहीस, पाणी विचारलं नाहीस. भरल्या घरात तळतळाट दिलास, की त्याच्या पोरावरही अशीच वेळ येवो. तो मान खाली घालून उतरला. त्याला एक वाक्य बोलता आलं असतं. तो बोलला नाही. मी, तीन हजार माणसांपुढे न अडखळणारा माणूस, कोपऱ्यात बसून होतो. तो शाप माझा होता, भागीरथी. तू चुकीच्या माणसाला दिलास आणि मी बघत बसलो.

पंखा बसला, हेमराज गेल्यावर चार महिन्यांनी. उद्घाटनाला मला बोलावलं. मी गेलो, भाषणही केलं. काय बोललो ते मात्र आठवत नाही.

माझी मागणी चूक नव्हती. चाळीसही पोरांना हलवायलाच हवं होतं, हे मी आजही गेटवर सांगेन. पण एकाला जागा मिळत होती आणि त्याची छाती बाकीच्यांसारखी नव्हती. ते तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. टाळ्यांसाठी... नाही, हे वाक्य पुरं करत नाही. पुन्हा भाषण होईल.

काल मी मास्तरच्या घरी जाऊन आलो. त्याच्या बायकोसमोर खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "हवे शुं, भाई," आता काय त्याचं, आणि चहा दिला. तो प्यायलो. आज हे लिहायला बसलो, कारण आखाजीचा सण तीन आठवड्यांवर आला आहे आणि तू येणार आहेस. हे न कळता तू या घरात पाऊल ठेवावंस, माझ्यासाठी भाकरी थापावीस, हे मला चालणार नाही. कळल्यावर येशील की नाही, माहीत नाही. नाही आलीस तर मी कोणाला विचारायला पाठवणार नाही.

पिशवीत कोरफडीचं पिल्लू आहे. तो डबा वर्षभर तसाच पडून होता, गेल्या महिन्यात सडलेला बुंधा उकरला तेव्हा कडेला हे एक कोरडं निघालं. फुटक्या कपात वाळू घालून लावलं, पत्र्यावर उन्हात ठेवलं. सव्वीस दिवसांत त्याला दोनदा पाणी दिलं. रोज तांब्या हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो. परवा कामावर वाफेने माझं मनगट भाजलं, तरी वर लावायलाही त्याचं पान मोडलं नाही. ते तुझ्याकडेच राहू दे. माझा हात अजून भरवशाचा नाही.

अडुळसा इथेच राहील. त्याला पाणी घालायला मी आहे.

इतकी वर्षं तू मला नावाने हाक मारली नाहीस. आधी 'अहो', आणि तो झाल्यापासून 'हेमराजना बाप'. तो गेल्यावरही गाडीच्या खिडकीतून तू तसंच म्हणालीस. हे सगळं ऐकल्यावर ते नाव माझ्याकडे राहू द्यायचं की काढून घ्यायचं, ते तू ठरव.

तोवर नुसता,
सखाराम