भंडारा लावलेलं हरीण

सोलापूर,
नोव्हेंबर १९७५

प्रिय डॉक्टरसाहेब,

तुमचं पत्र काल दुपारी पोचलं. वाचून बाजूला ठेवते न ठेवते तोच सोजरने त्याचा एक कोपरा चघळून टाकला. नेमका तोच, जिथे तुम्ही नोकरी सोडून परत येतो म्हणून लिहिलं आहे. पोरीला अक्कल आहे. 'आई पोरीला बेटावर पाठवायला तयार नाही, तर मीच येतो, आपल्या जिल्ह्यात एखाद्या गुरांच्या दवाखान्यात चिकटेन. तुझं उत्तर आलं की राजीनामा देतो,' असं तुम्ही लिहिता. तर उत्तर देते आहे, पण शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यावर सोडून जनावरं बघायला पळायची तुमची खोड मला माहीत आहे.

सोजर खुशाल आहे. दात येऊ लागलेत, दिसेल ते तोंडात घालते. शेजारच्या काशम्मांचा माग दिवसभर खटखटत असतो आणि त्या आवाजात ती गाढ झोपते; माग थांबला की भोकाड पसरते. मला लगेच समुद्रापलीकडच्या मुलखात, सरोवरातल्या बेटावर असलेलं आपलं घर आठवतं. सुरुवातीला पाणघोड्यांच्या फुरफुरण्याने मला झोप लागत नसे आणि पुढे ते फिरकले नाहीत तर चुकल्यासारखं वाटे. संध्याकाळी पातळं काढायला मागच्या दारी गेले आणि दोरीपलीकडे एक भलंथोरलं धूड गवत खात उभं, तो दिवस आठवतो ना? मी पातळ तिथेच टाकून घरात पळाले. तुम्ही जागचे हलला नाहीत. म्हणालात, त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभी राहू नकोस, बाकी त्याला तुझ्यात काही रस नाही. बायकोला धीर द्यायची ही काय तऱ्हा! पण तेव्हापासून बाहेर पडताना मी आधी पाण्याकडे बघायला शिकले.

मला इथे करमत नाही असं नाही. कडक भाकरी आहे, शेंगाचटणी आहे, माणसं बोलतात ते सगळं कळतं. तरी सकाळी दार उघडलं की डोळे पाणी शोधतात आणि समोर रस्ता असतो. मान मागे टाकून ओरडणारा तो पांढऱ्या डोक्याचा गरुड आठवतो. लव्हाळ्यात नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पाण्यात दडून बसलेलं हरीण आठवतं. तुम्ही बोट दाखवून दमलात तरी मला दिसेना, आणि दिसलं तेव्हा मी इतक्या मोठ्याने हसले की बिचारं पळूनच गेलं. आणि ती चिलटं! सरोवरावर धुराचा खांब उठलेला बघून मी बोट पेटली म्हणून ओरडत सुटले होते. तो खांब वाऱ्याबरोबर थेट आपल्या स्वयंपाकघरात आला. त्या दिवशीच्या आमटीत डाळ जास्त होती की चिलटं, हे अजून ठरलेलं नाही. हे सगळं सोजरने बघावं असं मला फार वाटतं. तुमच्याशिवाय तिने वाढू नये हे तर वाटतंच.

आता आत्याबाईंचं सांगते. तुमच्या आई म्हणून त्यांचा शब्द तुम्हाला मोडवत नाही हे मला ठाऊक आहे. दुष्काळात मेंढरांचा कळप विकून त्या सोलापूरला आल्या तेव्हापासून त्यांच्या हातांना काम नाही. मी बाळंतपणाला इथे आले, सोजर झाली आणि त्या पुन्हा माणसात आल्या. म्हणून मी भांडले नाही, रोज वाती वळताना बेटाच्या गोष्टी सांगायला लागले. वाटलं, ऐकून मन वळेल. पण माझी बुद्धी बघा, पहिलीच गोष्ट मगरीची सांगितली! वाळूत अंडी घालते, पिलं आतून आवाज देतात, मग ती वाळू उकरून पिलांना तोंडात धरून पाण्यात नेते. मला वाटलं, आईची माया बघून त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "तोंडात धरती? आन् तितं तू माजी नात घिऊन जाणार व्हय?" पुढचे दोन दिवस सोजर मला फक्त दूध पाजण्यापुरती मिळाली.

मग परवा बोलता बोलता त्या हरणीची गोष्ट निघाली. पलीकडच्या काठावरचं जंगल तुटत चाललं म्हणून तुम्ही पेटीत घालून बेटावर आणलेली ती पहिलीच. तुम्ही पेटीचं दार उघडायला दुसऱ्या बाजूला गेलात, आणि मी माहेराहून आणलेला बिरोबाचा भंडारा फळ्यांच्या फटीतून तिच्या कपाळावर टाकला. माझ्या बापाच्या घरी नवं मेंढरू भंडारा लावल्याशिवाय कधी कळपात सोडलं नाही. हात आपसूक गेला. नेम मात्र चुकला आणि मान, पाठ, सगळं पिवळं झालं. दुसऱ्या दिवशी तुमच्या मोठ्या साहेबांनी दुर्बिणीतून ती पिवळी हरणी बघितली आणि नवा रोग आला म्हणून सगळं बेट डोक्यावर घेतलं. तुम्ही 'आमच्याकडचं जंतुनाशक आहे' असं सांगून वेळ मारून नेलीत आणि घरी येऊन माझ्यावर चिडता चिडता हसत सुटलात.

मला वाटलं आत्याबाईही हसतील. त्यांनी हातातली वात खाली ठेवली आणि विचारलं, "मग जगली का ती?" जगली म्हटलं, पुढच्या साली तिला पाडसही झालं. मग त्यांनी मला जे प्रश्न विचारले ते तुमच्या साहेबांनीही विचारले नसतील. चारा कसला? बारमाही का? पाणी आटतं का? लांडगा हाय का? मी म्हटलं, लांडगा नाही, बिबट्या नाही, सिंह नाही. मगर तेवढी, ती पाण्यात. मग म्हणाल्या, "बारमाही पानी आन् लांडगा न्हाय. आसलं रान आमाला जल्मात घावलं न्हाय. भंडारा लावलाय म्हंजी आपलाच कळप की त्यो. तुजा नवरा तळावर जल्मला, माज्या पाठीवर वाडला. आमी नदीकाठी तळ टाकला तवा मगरीला भ्यालो का? लेकराला पान्याकडं सोडू नगं म्हंजी झालं." आणि उठून त्यांनी सोजरला माझ्या मांडीवर ठेवलं. मी रडले, डॉक्टरसाहेब. लपवत नाही.

तेव्हा राजीनामा फाडून टाका, सोजर आणि मी येतोय. पण एवढंच कळवायचं असतं तर मी तार केली असती. पत्र लिहिलं ते आज सकाळच्या गोष्टीसाठी. आत्याबाई सोजरची लंगोटं वाळत घालत होत्या. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "माज्या हरिबाला येक इचार. जनावरं हिकडनं तिकडं न्हेतोय न्हवं त्यो? म्हातारं जनावर नव्या रानात रुजतं का, तेवडं इचार." तुम्ही नेहमी तरणी जनावरंच निवडता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. उत्तर त्यांच्या नावाने लिहा. मी वाचून दाखवीन.

तुमचीच,
केरा